भिंतीपलीकडचा उन्हाळा

"हात लाव," उज्ज्वला म्हणाली, "पण टेकवू नको. नुसता लाव."

वृषालीने प्रसूती वॉर्डाच्या पूर्वेकडच्या भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. त्यातून ही भिंत पूर्वेची, म्हणजे दुपारनंतर तिच्यावर ऊन येतच नाही. तरी ती चुलीच्या अंगासारखी तापलेली होती.

"कधीपासून?"

"मार्चपासून. आधी आम्हाला वाटलं, आतून विजेची तार जळतेय. वायरमनने दोनदा तपासलं. तारेचं काही नाही." उज्ज्वलाने भिंतीवर टाकलेली ओली चादर सरळ केली. तासाभरापूर्वी भिजवलेली ती चादर पापडासारखी वाळली होती.

उज्ज्वला सिरसाट धामणखेडच्या नगरपालिकेच्या सूतिकागृहात इनचार्ज सिस्टर होती आणि वृषालीची शाळेपासूनची मैत्रीण. वऱ्हाडातलं हे गाव उन्हाळ्यासाठी आधीच बदनाम. यंदा पारा सेहेचाळिसाच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. पण ऊन सगळ्या गावाला सारखं असतं. या वॉर्डातली तगमग वेगळीच होती. सगळ्या खाटा भिंतीपासून ओढून मधे आणलेल्या, त्यामुळे दोन खाटांमधून धड चालता येत नव्हतं. कूलर गरम वारा फेकत होता. बायका ओल्या पदराने बाळांना वारा घालत होत्या, आणि बाळं रडतही नव्हती. वृषालीला तेच भयंकर वाटलं.

"मोठं माणूस उठून बाहेर जातं, पाणी पितं," उज्ज्वला हळू आवाजात म्हणाली. "दोन दिवसांच्या लेकराला स्वतःचं अंग थंड ठेवता येत नाही गं. ते जिथे ठेवाल तिथे तापतं."

खिडकीसमोरच्या खाटेवरच्या मुलीने मान वर केली. रोशनी तायडे. वय असेल वीस-एकवीस. पहिलीच खेप, मुलगी झाली होती. "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात काय?"

"नाही, मी शास्त्रज्ञ आहे."

"मग सांगा न, हे कायचं आहे?"

वृषाली खिडकीशी गेली. बाहेर चार हातांवर कंपाउंडची भिंत आणि तिच्या पलीकडे 'मेघमल्हार' टॉवरची पश्चिमेची बाजू. वरपासून खालपर्यंत करडी, गुळगुळीत, माशाच्या कातडीसारखी चमकणारी. ते कातडं तिने लगेच ओळखलं. ओळखणारच. त्याचा जन्म तिच्यासमोर झाला होता.

आणि भिंत कशाने तापते, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका संशोधन केंद्रात वृषाली गावंडे आणि तिचे मार्गदर्शक डॉ. मुकुंद पाठराबे क्वांटम संगणकावर एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे लागले होते. काही स्फटिकांत तांब्याचे अणू माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत बसलेले असतात. प्रत्येक अणूला स्पिन नावाचा गुण असतो. ढोबळमानाने तो एक इवलासा लोहचुंबक समजा. शेजारच्याचं तोंड फिरलं की याचंही फिरू पाहतं. अशा माळेच्या एका टोकाला ऊब दिली तर ती दुसऱ्या टोकाला कशी पोचेल?

प्रश्न साधा, उत्तर महाकठीण. एका अणूच्या दोन स्थिती, दोघांच्या मिळून चार, तिघांच्या आठ. माळ शंभरेक अणूंची झाली की जगातला मोठ्यातला मोठा साधा संगणक हात टेकतो. क्वांटम संगणकाचं तसं नाही. त्याचे क्यूबिट या अणूंसारखेच, त्याच नियमांनी वागणारे. तो माळेचं गणित मांडत बसत नाही, तो स्वतःच माळ होतो. आपण एका टोकाला धक्का द्यायचा आणि काय होतं ते पाहायचं.

वृषालीने पाहिलं ते विलक्षण होतं. स्लॅब टाकायच्या दिवशी मजूर ओळीने उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात. माणसं जागच्या जागी राहतात, घमेलं मात्र थेट वर पोचतं. साध्या धातूत उष्णतेची ही ओळ बेशिस्त असते. कुणी पुढे देतो, कुणी मागे, निम्मा माल वाटेत सांडतो. चहात बुडवलेल्या चमच्याचं वरचं टोक कोमटच राहतं ते त्यामुळे. याला विसरण म्हणतात. या माळेत मात्र काहीच सांडत नव्हतं. एका टोकाला घातलेली उष्णता जशीच्या तशी दुसऱ्या टोकाला उतरत होती. आणि अशा दोन माळा एका ठरावीक तऱ्हेने शेजारी जोडल्या, तर ही शिस्त भर उन्हाळ्यातही मोडत नाही, हे त्या दोघांचं खरं यश.

मग 'शीतरेखा' नावाची कंपनी आली. पाठराबे सर तिचे वैज्ञानिक सल्लागार झाले. उंच इमारतींच्या उन्हाच्या भिंतींना या पदार्थाचं कातडं चढू लागलं. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडेच जाते, हा नियम शीतरेखाने मोडला नव्हता. सत्तर अंशांवर तापलेली भिंत एकीकडे, जमिनीतली गार माती दुसरीकडे, आणि मधे या पदार्थाच्या पट्ट्या. ना पंखा, ना वीज. पेपरांत वृषालीचे फोटो छापून आले, धामणखेडला तिचा सत्कार झाला. मेघमल्हारच्या पाचव्या मजल्यावर तिच्या धाकट्या भावाने, शैलेशने, घर घेतलं तेही बहिणीच्या शोधाचा अभिमान वाटला म्हणून.

त्या घरात ती आता शिरली तेव्हा आई सोफ्यावर बसून पेपर वाचत होती. खांद्यावर पातळ शाल होती.

मे महिना, धामणखेड, आणि शाल. वृषालीच्या डोक्यात सणक गेली.

"शैलेश, पट्ट्यांची खालची टोकं कुठे सोडलीत?"

"मागच्या कंपाउंडला. जमिनीत, भिंतीला लागून. का गं ताई?"

"कंपाउंडच्या पलीकडे काय आहे?"

"पलीकडे... दवाखाना आहे ना नगरपालिकेचा."

"बाळंतिणींचा वॉर्ड आहे. तुमच्या अख्ख्या भिंतीचं ऊन रोज त्यांच्या पायाखाली ओतलं जातंय. माती तापली, पाया तापला, आता भिंतीला हात लावता येत नाही."

शैलेश सोसायटीचा सेक्रेटरी होता. तक्रार ऐकून घ्यायची त्याला सवय होती आणि ती परतवायचीही. "कंपनीने सर्टिफिकेट दिलंय ताई. उष्णता वाटेतच मातीत पसरून विरते म्हणून. खाली तुझ्याच सरांची सही आहे. आता तू सरांनाही शिकवणार का?"

"तू जाऊन बघ एकदा. दोन मिनिटांचं चालणं आहे."

"बघतो," शैलेश म्हणाला. त्या रात्री तो गेला नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

सरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. पाठराबे सर नेहमीसारखे प्रसन्न होते. वृषालीने सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"नियमावलीत जे सूत्र दिलंय तेच मी लावलंय, वृषाली. विसरणाचं. त्यात बसतं ते सगळं."

"ते धातूच्या दांड्याचं सूत्र आहे सर! वाटेत उष्णता सांडते असं धरणारं. आपली पट्टी सांडत नाही, म्हणून तर ती पट्टी आहे. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"नियमावली बदलणं माझं काम नाही."

"खोटी सही न करणं तरी आहे?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग अगदी मायेने म्हणाले, "तू दमलेली दिसतेस. आपल्या केंद्रातलं नवं यंत्र कुणाच्या पैशांतून आलं ते आठव, आणि शांतपणे विचार कर."

पडद्यावरून सर गेले. वृषालीने लॅपटॉप मिटला. पंधरा वर्षं या माणसाला तिने नमस्कार केला होता. आकडा चुकला तर रात्रभर जागून पुन्हा काढायला लावणारा हा माणूस. त्याला चूक कळली नव्हती असं नाही, हेच तिला सहन होईना.

दोन दिवसांनी सकाळी उज्ज्वलाचा फोन आला.

"रोशनीची मुलगी गेली," ती म्हणाली. "काल दुपारी अंग तापायला लागलं. आम्ही ओल्या फडक्यात ठेवलं, सलाइन लावलं, गाडी बोलावून जिल्ह्याला पाठवलं. वाटेतच झटके आले."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कागदावर 'कमी वजनाचं बाळ' असं लिहिलंय." उज्ज्वलाचा आवाज एकदम चढला. "वजन चांगलं होतं गं तिचं! मी माझ्या हाताने काट्यावर ठेवलं होतं!"

वृषालीने गावी यायला काढलेली रजा वाढवली. केंद्रातल्या यंत्रावर तिच्या नावचा जो वेळ शिल्लक होता तो सगळा तिने मागून घेतला आणि मेघमल्हारच्या पट्ट्यांचा हिशेब नव्याने चालवला. खरी लांबी, खरं ऊन, टोकाशी खरी माती. उत्तर येईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. आलं ते तिला ठाऊक असलेलंच आलं. भिंतीची उष्णता पट्टीतून जवळपास पूर्ण टोकाला पोचत होती, आणि माती ती जिरवूच शकत नव्हती.

वृषालीच्या तक्रारीवर नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. मुख्याधिकारी मधे बसले होते, एका बाजूला कंपनीचे नवलाखे, शेजारी खुद्द पाठराबे सर. दुसऱ्या बाजूला वृषाली आणि उज्ज्वला. एसी चालू होता. वृषालीने पडद्यावर सगळं दाखवलं, अगदी घमेल्यांच्या ओळीसकट समजावून सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांना ते समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं.

सर उठले. "डॉ. गावंडे माझी विद्यार्थिनी आहे. तिच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण साहेब, हे शेवटी एक सिम्युलेशन आहे. संगणकातलं चित्र. प्रत्यक्षातली माती, प्रत्यक्षातली भिंत वेगळी असते."

वृषाली उभी राहिली. आपला आवाज इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"सर, याच सिम्युलेशनवर तुम्ही कारखाना उभा केलात! याच चित्राच्या जोरावर नवलाखे साहेब गावोगाव भिंती विकतात. विकताना ते विज्ञान होतं आणि लेकरू मेल्यावर ते नुसतं चित्र झालं? आणि प्रत्यक्षातली भिंत पाहायची ना? चला. दहा मिनिटांवर आहे. तुमचा हात तिच्यावर ठेवा आणि मग सांगा."

कुणी उठलं नाही. नवलाखे मोबाइलमध्ये पाहू लागले. सरांनी चष्मा काढून पुसला.

"भावना समजू शकतो मॅडम," मुख्याधिकारी म्हणाले. "विषय तांत्रिक आहे. आपण तज्ज्ञांची समिती नेमू. पावसाळ्यानंतर पुढची बैठक."

"पावसाळ्यानंतर भिंत गारच असणार साहेब!"

"म्हणजे प्रश्नच उरणार नाही," नवलाखे म्हणाले आणि हसले.

त्या हसण्याने तिचं ठरलं. वृषाली तिथून तडक मेघमल्हारच्या पार्किंगमध्ये गेली. पश्चिमेच्या भिंतीच्या पायाशी, पट्ट्या जमिनीत शिरतात तिथे एक लांबट लोखंडी पेटी होती. कंपनीचं 'हिवाळी कुलूप'. थंडीत घराची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून डिसेंबरात त्या पेटीतल्या खाचांमध्ये चुंबकाच्या कांड्या घालतात, एरवी त्या पेटीतच बाजूला ठेवलेल्या असतात. कांड्या जाणूनबुजून कमी-जास्त ताकदीच्या असतात. त्यामुळे प्रत्येक अणूला वेगळा हिसका बसतो, हातोहात देण्याची शिस्त मोडते, आणि उष्णता भिंतीतच अडकते. ही युक्तीही वृषालीच्याच सिम्युलेशनमधून आली होती.

पेटीला कुलूप होतं. किल्ली शैलेशच्या कपाटात. ती वर गेली. शैलेश कामावर गेला होता. आईने दार उघडलं.

"काय झालं सुनावणीचं?"

वृषालीने सांगितलं. सांगताना ती रडली, आणि रडतेय याचाच तिला राग आला. आईने ऐकून घेतलं. मग उठून शैलेशचं कपाट उघडलं आणि किल्ल्यांचा जुडगा काढला.

"आई, तुला त्रास होईल गं. तुझं हृदय..."

"माझ्या हृदयाचं मला नको सांगू," आई म्हणाली. "तिकडे लेकरं भाजत होती आणि मी इथे शाल पांघरून बसले होते. लाज वाटते मला, वृषा. चल, कुठे आहे ती पेटी?"

भर दुपारी दोघी खाली उतरल्या. कांड्या जड होत्या. खाचेजवळ नेली की आपसूक ओढली जाऊन खाडकन बसायची. आई एकेक हातात देत गेली, वृषाली बसवत गेली. शेवटची बसली तेव्हा बाहेरून काहीच बदललं नाही. पण थोड्या वेळाने करड्या कातड्याजवळ हात नेला तर झळ लागत होती. मेघमल्हारचं ऊन आता मेघमल्हारच्याच भिंतीवर थांबलं होतं.

चार वाजायच्या आत लोक खाली आले. आधी दोघं-तिघं, मग लिफ्ट भरभरून. कुणी लहान मुलाला कडेवर घेतलेलं, कुणी ओला रुमाल डोक्यावर ठेवलेला. आईने वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि पेटीला पाठ लावून बसली. शैलेश धावत आला.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? लोक भाजताहेत वर!"

"मार्चपासून भाजताहेत, शैलेश. फक्त पलीकडे. मी तुला दोन मिनिटं चालून यायला सांगितलं होतं."

"आईचा तरी विचार करायचास!"

"आईने विचार केलाय," आई खुर्चीवरूनच म्हणाली.

कुणीतरी पोलिसांना बोलावलं. इन्स्पेक्टर आला, घाम पुसत त्याने पेटीकडे पाहिलं. आई त्याला म्हणाली, "किल्ली माझ्या घरची. कुलूप मी उघडलं. काय तोडलं ते दाखवा आणि मग मला घेऊन चला." इन्स्पेक्टरने पेटीभोवती एक चक्कर मारली, तुटलेलं काही दिसलं नाही, तेव्हा तो शैलेशला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आपसांत मिटवा."

आपसांत मिटेना. दहा-बारा जणांना वृषालीने भिंतीला वळसा घालून वॉर्डात नेलं. काही जण हात लावून परत आले आणि मान खाली घालून घरी गेले. बाकीचे आलेच नाहीत, त्यांनी हॉटेलात खोल्या घेतल्या. एक बाई वॉर्डाच्या दारातूनच परतली आणि जिन्यात बसून राहिली.

आणि मग धावपळ सुरू झाली. आमदारांचा फोन आला. मुख्याधिकारी स्वतः पार्किंगमध्ये आले. नवलाखे आले, आता हसत नव्हते. पाठराबे सर रात्रीची गाडी पकडून आले. पावसाळ्यानंतर भरणारी समिती त्या आठवड्यातच भरली, तीही टॉवरच्या तळमजल्यावर, उकाड्यात. वृषालीने सुचवलेला उपाय एका बैठकीत मान्य झाला. पट्ट्यांची टोकं जमिनीतून काढून टॉवरच्याच गच्चीवर न्यायची आणि उष्णता वर आकाशात सोडायची. घरं पूर्वीइतकी गार राहणार नव्हती, पण राहण्याजोगी राहणार होती. जूनच्या आधी काम पुरं झालं.

निघताना सर तिच्याजवळ आले. "तुझं विज्ञान बरोबर होतं. पद्धत चुकली."

"तुमची पद्धत बरोबर होती आणि लेकरू गेलं," वृषाली म्हणाली. "सर, पुढच्या गावात तुम्ही अशीच सही केलीत तर मी तिथेही येईन."

तिने त्यांना नमस्कार केला नाही. केंद्रातली तिची जागा राहील की जाईल हे तिला माहीत नव्हतं. शैलेशने बोलणं टाकलं होतं. आईने तेवढं नातं तोडलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी वॉर्डात जाऊन भिंतीला हात लावून यायची आणि "आज गार आहे" असं फोनवर सांगायची.

नाशिकला परतण्याआधी वृषाली उज्ज्वलाबरोबर रोशनीच्या माहेरी गेली. धामणखेडपासून बसने तासाभराचं गाव. रोशनी ओसरीवर तूर पाखडत होती. तिची आई पाणी घेऊन आली. वृषालीने सगळं सांगितलं. पट्ट्या, टॉवर, कांड्या, समिती. रोशनी सूप खाली ठेवून ऐकत होती.

"आठवड्यात झालं?" तिने विचारलं.

"हो."

"मग हे आधी काहून नाही केलं?"

उज्ज्वलाने मान वळवली. वृषालीने घरून निघताना या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जुळवली होती. नियमावली, सूत्र, तज्ज्ञ. त्यातलं एकही तिला तोंडावाटे काढवेना.

"तेव्हा गरम तुम्हाला होत होतं," ती म्हणाली. "नंतर त्यांना व्हायला लागलं."

रोशनीची आई पुटपुटली, "जाऊ द्या न बाई आता. गेलेलं काय परत येते?"

"कागदावर अजून कमी वजनच आहे," वृषाली रोशनीला म्हणाली. "कंपनीवर खटला करायचा तर तक्रार बाळाच्या आईची, म्हणजे तुमची लागेल. ते आडवेतिडवे प्रश्न विचारतील, दमवतील. मी साक्ष देणार आहे. उज्ज्वलाही देणार आहे. पण बळजबरी नाही, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही परत जातो."

रोशनीने तुरीतला एक खडा बोटांनी उचलला आणि अंगणात फेकला.

"तक्रारीत तिचं नाव लिहा लागते काय? दवाखान्यात नुसतं 'रोशनी तायडेचं बाळ' लिहिलं होतं. आम्ही बारशाला ठेवणार होतो."

"लिहावं लागेल."

रोशनी उठली. तिने पदर खोचला, कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या.

"संघमित्रा लिहा," ती म्हणाली. "बस कितीची आहे?"